गोष्टीतला कंट्रोल: फॉइल पात्रं, रोझलिंड फ्रँकलिन आणि माझी एक लाल फुली

गेले दोन महिने प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाशी झटापट चालू होती, त्यामुळे इकडे फिरकायला झालं नाही. आज नेहमीसारखा एखादा शोधनिबंध सोपा करून सांगणार नाहीये. आज गोष्ट कशी सांगतात याबद्दल लिहायचंय. 'तू विज्ञानातली, तुला काय करायचंय साहित्याशी?' असं आमच्या घरीही विचारून झालंय. पण त्याचं कारण प्रयोगशाळेतच घडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लाल फुली

मी मातीतल्या जिवाणूंवर काम करते. त्यासाठी मातीतून डीएनए वेगळा काढायचा आणि पीसीआर नावाच्या प्रक्रियेनं त्यातला हवा तो तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण मातीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली ह्यूमिक आम्लं असतात. ती डीएनएबरोबर चिकटून येतात आणि पीसीआरमधल्या एन्झाइमचं काम बंद पाडतात. माझ्याआधी याच विषयावर आमच्या लॅबमधल्या एका सीनियर ताईनं काम केलं होतं, आणि तिची पीसीआर काही केल्या चालली नव्हती. नंतर तिनं नोकरी धरली, विषय माझ्याकडे आला. मी नमुना दहा पट पातळ केला. ह्यूमिक आम्लंही दहा पट विरळ झाली आणि पीसीआर चालली.

वार्षिक सादरीकरणात मी हे एका स्लाइडवर मांडलं. डावीकडे 'आधीचे प्रयत्न' आणि त्यावर मोठी लाल फुली. उजवीकडे 'आमची पद्धत' आणि हिरवी टिकमार्क. लोक हसले, टाळ्या पडल्या, एका सरांनी 'छान गोष्ट सांगितलीस' म्हणून पाठ थोपटली. मला तोवर ठाऊक नव्हतं की ताई ऑनलाइन ऐकत होती. रात्री तिचा मेसेज आला: 'अगं, मस्त झालं सादरीकरण. फक्त ती लाल फुली बघून जरा गंमत वाटली. तिला मला चौदा महिने लागले होते.'

त्यात राग नव्हता, पण मला मात्र झोप लागेना. कारण खरं काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. तिची वही माझ्याकडेच आहे. प्रायमर बदलून पाहिले, तापमान बदलून पाहिलं, एन्झाइम बदललं, डीएनए काढायची पद्धत दोनदा बदलली, हे सगळं तारीखवार त्यात लिहिलंय. एवढे रस्ते तिनं बंद करून ठेवले होते म्हणून मी उरलेल्या रस्त्यानं गेले. मी काही खोटं बोलले नव्हते. पण मी हुशार दिसावं म्हणून तिला माझ्या गोष्टीत एका विशिष्ट जागी उभं केलं होतं. त्या जागेला साहित्यात एक नाव आहे.

फॉइल म्हणजे नक्की काय?

इंग्रजी समीक्षेत अशा पात्राला 'फॉइल' म्हणतात. शब्द जवाहिऱ्यांच्या दुकानातून आलाय. कोंदणात खडा बसवताना त्याच्या खाली धातूचा चकचकीत पातळ पत्रा ठेवायचा, म्हणजे खडा जास्त तेजस्वी दिसतो, अशी जुनी पद्धत होती. कथेतलं फॉइल पात्र हेच करतं. त्याच्या शेजारी ठेवल्यामुळे मुख्य पात्राचा एखादा गुण (किंवा अवगुण) उठून दिसतो.

इथे एक गल्लत नेहमी होते, म्हणून आधीच सांगते. फॉइल म्हणजे खलनायक नव्हे. खलनायक नायकाच्या आड येतो, फॉइलनं आड यायलाच हवं असं काही नाही. तो मित्र असू शकतो, भाऊ असू शकतो, शेजारी असू शकतो. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवा. चिमणराव किडकिडीत, भित्रे, कारकुनी वळणाचे. गुंड्याभाऊ धिप्पाड, हातात सोटा, आधी कृती मग विचार. दोघांत वैर नाही, उलट एकमेकांवाचून पान हलत नाही. पण एकाच भानगडीत दोघं सापडले की चिमणरावांचा भित्रेपणा गुंड्याभाऊंमुळे दिसतो आणि गुंड्याभाऊंचा आडदांडपणा चिमणरावांमुळे. शेरलॉक होम्ससाठी डॉ. वॉटसन हेच काम करतो. वॉटसन मूर्ख नाही, चांगला शिकलेला डॉक्टर आहे. आणि तो मूर्ख नाही म्हणूनच होम्सची नजर आपल्याला थक्क करते.

मराठीत याला सर्वमान्य शब्द मला सापडला नाही. 'प्रतिनायक' म्हटलं की पुन्हा खलनायकाकडे जातो. माझ्यापुरता मी 'तुलनापात्र' असा शब्द वापरतेय. तुम्हाला याहून बरा सुचला तर नक्की कळवा.

डोळा तुलनेनंच बघतो

तुलनापात्राची गरज का पडते? याचं उत्तर मला एका रसायनशास्त्रज्ञाच्या कामात मिळालं. मिशेल यूजेन शेव्रल हा फ्रेंच शास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर टांगायची भव्य विणकाम-चित्रं तयार होत. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. शेव्रलनं काळी लोकर तपासली, दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काहीच खोट नव्हती. खोट शेजारात होती! निळ्या-जांभळ्या छटांना लागून विणला की तोच काळा रंग कमी काळा दिसत होता. यावर त्यानं पुढे खूप प्रयोग केले आणि १८३९ मध्ये रंगांच्या परस्पर-विरोधावर मोठा ग्रंथ लिहिला.

तुम्ही स्वतः करून बघा. एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापा, एक काळ्या कागदावर चिकटवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा राखाडी उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. चौकोन तेच आहेत हे माहीत असूनही दिसायचं काही थांबत नाही. आपली नजर एखादी गोष्ट एकटी मोजत नाही, शेजारच्या गोष्टीच्या मानाने मोजते.

माणसाचा स्वभाव वाचतानाही आपण बहुधा असंच काहीतरी करतो. 'तो धाडसी होता' असं लेखकानं लिहिलं तर आपण मान डोलावतो आणि विसरतो. पण त्याच पुरात, त्याच काठावर, पोहता येणारा दुसरा माणूस मागे सरकलेला दाखवला की पहिल्याचं धाडस आपल्याला दिसतं. सांगावं लागत नाही.

एकच गोष्ट बदला

आता माझ्या आवडीचा मुद्दा. 'पोहता येणारा दुसरा माणूस' असं मी मुद्दाम लिहिलं. त्याला पोहताच येत नसतं तर? तर तो मागे सरकला यात नवल काय! तुलना फुकट गेली असती.

प्रयोगशाळेत आम्ही याला कंट्रोल म्हणतो. समजा एखाद्या खतानं रोप वाढतं का ते बघायचंय. तर दोन रोपं घ्यायची. जात तीच, कुंडी तीच, माती तीच, पाणी तेवढंच, ऊन तेवढंच. फरक फक्त एक: एकाला खत, दुसऱ्याला नाही. मग वाढीत फरक पडला तर तो खताचा म्हणता येतो. दुसरं रोप जर सावलीत ठेवलंत तर तुमचा प्रयोग काहीच सांगत नाही, खताचं रोप कितीही वाढो.

चांगलं तुलनापात्र नेमकं असंच रचलेलं असतं. बहुतेक बाबतींत नायकासारखं, एका बाबतीत वेगळं. सगळ्यात नेटकं उदाहरण म्हणजे शेक्सपिअरचा 'हॅम्लेट', जो आगरकरांनी 'विकारविलसित' या नावानं मराठीत आणला. त्या नाटकात तीन तरुण मुलगे आहेत आणि तिघांचेही बाप मारले गेलेत. हॅम्लेटच्या बापाला त्याच्या काकानं मारलं. लेआर्टीसच्या बापाला खुद्द हॅम्लेटनं मारलं. नॉर्वेच्या फोर्टिनब्रासचा बाप हॅम्लेटच्या बापाच्या हातून द्वंद्वात मेला. परिस्थिती जवळजवळ सारखी, आता प्रतिसाद बघा. लेआर्टीस बातमी कळताच जमाव घेऊन थेट राजवाड्यात घुसतो. फोर्टिनब्रास सैन्य जमवतो, पण काकानं अडवल्यावर त्या सैन्याची दिशा बदलतो. आणि हॅम्लेट? तो विचार करत राहतो. हॅम्लेट एकटाच असता तर 'बापाचा खून झाल्यावर माणूस गोंधळणारच' असं म्हणून आपण सोडून दिलं असतं. शेजारी दोन कंट्रोल असल्यामुळे कळतं की हा गोंधळ परिस्थितीचा नाही, हॅम्लेटचा आहे.

आपल्याकडे कर्ण आणि अर्जुन आहेतच. आई एक, युद्धकौशल्य तोडीस तोड. फरक वाढण्याच्या जागेचा: एक राजवाड्यात, दुसरा सारथ्याच्या घरी. शस्त्रपरीक्षेच्या दिवशी कर्ण अर्जुनानं केलेलं सगळं करून दाखवतो, आणि तेव्हा कृपाचार्य त्याला त्याचं कुळ विचारतात. बाकी सगळं सारखं असताना एकच गोष्ट वेगळी असेल तर जग काय करतं, हे त्या एका प्रश्नात उघडं पडतं. हा फरक इतका बोचरा आहे की कर्णाला कायमचं अर्जुनाच्या खड्याखालचा पत्रा म्हणून ठेवणं वाचकांनाच जड जातं. शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये 'मृत्युंजय' लिहिलं तेव्हा त्यांनी कर्णाला गोष्टीच्या मध्यभागी आणलं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत ते पुस्तक का वाचलं जातं, याचं एक कारण मला हेच वाटतं.

कच्चा कंट्रोल

पण कंट्रोलच कच्चा घेतला तर? विज्ञानाच्या इतिहासातली याची एक गाजलेली गोष्ट गॅलिलिओची आहे. १६३२ मध्ये त्यानं विश्वाच्या दोन रचनांवर, म्हणजे सूर्य मध्ये की पृथ्वी मध्ये या वादावर, संवादरूपात ग्रंथ छापला. त्यात तीन माणसं चार दिवस गप्पा मारतात. साल्व्हियाती हा कोपर्निकसच्या बाजूचा, सॅग्रेडो हा चौकस आणि मोकळ्या मनाचा, आणि सिम्प्लिसिओ हा ॲरिस्टॉटलचा कट्टर अनुयायी. पहिली दोन नावं गॅलिलिओच्या दिवंगत मित्रांची होती. तिसरं नाव सहाव्या शतकातल्या एका भाष्यकारावरून घेतलं होतं, पण इटालियन कानाला त्यात 'भोळसट' असाही अर्थ ऐकू येतो.

सिम्प्लिसिओ पुस्तकभर हरतो. आणि पोप आठवे अर्बन यांचा आवडता युक्तिवाद ग्रंथाच्या शेवटी येतो तो याच सिम्प्लिसिओच्या तोंडी! पुढच्याच वर्षी, १६३३ मध्ये, खटला झाला आणि गॅलिलिओ १६४२ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत राहिला. खटल्यामागे इतरही बरीच कारणं होती, सगळा दोष या पात्राच्या माथी मारता येणार नाही. पण एका जिवंत, ताकदवान माणसाचा विचार ज्याच्यावर सगळे हसतात अशा पात्राच्या तोंडी घालणं महागात पडू शकतं, एवढं तर दिसतंच.

माझ्या दृष्टीनं सिम्प्लिसिओची अडचण वेगळीच आहे. तो जितका भोळा, तितका साल्व्हियातीचा विजय स्वस्त. पृथ्वी फिरते या म्हणण्याला त्या काळी चांगले, विचारी आक्षेप होते. उदाहरणार्थ, पृथ्वी सूर्याभोवती एवढी लांब फिरते तर दूरचे तारे वर्षभरात किंचित सरकलेले का दिसत नाहीत? हा प्रश्न भोळसट नाही. ते सरकणं मोजण्याइतकी उपकरणं यायला १८३० चं दशक उजाडावं लागलं.

जिराफाची मान

आपल्या शाळेच्या पुस्तकातलंही एक उदाहरण घेऊ. लॅमार्क म्हटलं की काय आठवतं? जिराफानं मान ताणली, ताणून ताणून ती लांब झाली, मग पिल्लांची मान लांब झाली. मग डार्विन येतो आणि बरोबर उत्तर देतो. चित्रंही शेजारी-शेजारी, अगदी माझ्या फुली-टिकमार्कसारखी.

प्रत्यक्षात लॅमार्कच्या १८०९ च्या ग्रंथात जिराफाचा उल्लेख अगदी थोडक्यात आहे. डार्विनच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत जिराफाच्या शेपटीबद्दल आहे (माश्या हाकलायला), मानेची चर्चा १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आली. आणि गंमत म्हणजे वापरानं अवयव बळावतात आणि तो परिणाम पुढच्या पिढीत जातो, हे डार्विनलाही काही प्रमाणात मान्य होतं. १८६८ मध्ये त्यानं त्यासाठी आनुवंशिकतेचं एक स्पष्टीकरणही मांडलं, जे पुढे चुकीचं ठरलं. म्हणजे ज्या मुद्द्यावर आपण दोघांना समोरासमोर उभं करतो, त्या मुद्द्यावर ते तितके दूर नव्हतेच.

मग लॅमार्कचं खरं महत्त्व काय? सजीव बदलत जातात, जाती कायमच्या नसतात, हे त्यानं डार्विनच्या पन्नास वर्षं आधी पद्धतशीर मांडलं. हे चौकटीत बसत नाही, म्हणून गळून जातं. पत्र्याचं काम खडा चमकवणं एवढंच. पत्र्याला स्वतःचं काही असलं तरी ते कोंदणाखाली दिसत नाही.

'रोझी'

आता ज्या गोष्टीमुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं तिच्याकडे येते.

डीएनएची रचना म्हणजे दुहेरी सर्पिल, आणि शोधक वॉटसन आणि क्रिक, हे बारावीला आपण सगळ्यांनी पाठ केलंय. रोझलिंड फ्रँकलिन लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये क्ष-किरणांनी डीएनएचा अभ्यास करत होती. धाग्यातली आर्द्रता काटेकोरपणे नियंत्रित करून तिनं दाखवलं की डीएनए दोन रूपांत असतो, एक कोरडं आणि एक ओलसर. आधीच्या चित्रांत ही दोन्ही रूपं मिसळलेली असायची, म्हणून ती धूसर यायची. मे १९५२ मध्ये तिच्या हाताखालच्या रेमंड गॉसलिंग या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं ओलसर रूपाचं ते प्रसिद्ध चित्र घेतलं, ज्याला 'फोटो ५१' म्हणतात. जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्सनं ते वॉटसनला दाखवलं, फ्रँकलिनला न विचारता. फेब्रुवारीत तिची मोजमापं असलेला एक अहवालही क्रिकच्या हाती आला. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'च्या अंकात तीन निबंध लागोपाठ आले: वॉटसन-क्रिक यांचा, विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, आणि फ्रँकलिन-गॉसलिंग यांचा. १९५८ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी, फ्रँकलिन कर्करोगानं गेली. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं.

मग १९६८ मध्ये वॉटसनचं 'द डबल हेलिक्स' आलं. पुस्तक म्हणून ते भन्नाट आहे, एका बैठकीत वाचून होतं. त्यात निवेदक स्वतः आहे: तरुण, उतावळा, खोडकर, तारांचे आणि पत्र्यांचे तुकडे जोडून निसर्गाचं गुपित फोडू पाहणारा. अशा नायकाला शेजारी काय हवं? कडक, रूक्ष, कल्पनाशून्य, आकड्यांना चिकटून बसणारं कुणीतरी. ती जागा फ्रँकलिनला मिळाली. पुस्तकात ती 'रोझी' आहे, जे नाव तिच्या तोंडावर कुणी घेत नव्हतं. तिच्या कपड्यांवर, लिपस्टिक न लावण्यावर शेरे आहेत. क्रिक आणि विल्किन्स दोघांनीही हस्तलिखितावर आक्षेप घेतला आणि हार्वर्डच्या विद्यापीठीय प्रकाशनानं ते छापायचं सोडून दिलं. शेवटी दुसऱ्या प्रकाशकानं छापलं. तिच्याबद्दलचे आपले सुरुवातीचे ग्रह चुकीचे होते, असं वॉटसननं समारोपात कबूल केलं खरं, पण तोवर अख्खं पुस्तक वाचून झालेलं असतं. आणि जिच्याबद्दल हे सगळं होतं, ती उत्तर द्यायला नव्हती.

आता कंट्रोलच्या नजरेनं बघा. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये वॉटसन तिच्या व्याख्यानाला बसला होता, पाण्याच्या प्रमाणाचा आकडा चुकीचा लक्षात ठेवून आला, आणि त्यावरून त्यानं आणि क्रिकनं तीन धाग्यांचं मॉडेल बांधलं. फ्रँकलिननं केंब्रिजला येऊन ते बघितलं आणि फॉस्फेट आत नाही, बाहेर असायला हवेत, हे सांगितलं. ती बरोबर होती. मार्च १९५३ मध्ये गॉसलिंगबरोबर तयार केलेल्या तिच्या मसुद्यात ओलसर डीएनए दोन धाग्यांचा सर्पिल असल्याचं होतं. म्हणजे 'कल्पनाशून्य' बाई उत्तराच्या अगदी उंबरठ्यावर होत्या. गोष्टीला जो फरक हवा होता, तो प्रत्यक्षात तितका नव्हता. कंट्रोलचं रोप सावलीत ठेवलं होतं.

गोष्ट उलटी केली तर?

१९७५ मध्ये फ्रँकलिनची मैत्रीण ॲन सायर हिनं उत्तरादाखल पुस्तक लिहिलं, आणि हळूहळू दुसरी गोष्ट रुळली. आज समाजमाध्यमांवर तुम्हाला हीच दिसेल: भोळी, एकाकी संशोधक आणि तिचा फोटो चोरणारे लबाड पुरुष. मीही अशा पोस्ट पुढे पाठवल्या आहेत. तिच्यावर अन्याय झाला हे खरंच आहे, त्यात मला काही सौम्य करायचं नाही.

पण नीट बघा, या गोष्टीतही पात्रांच्या जागा तशाच आहेत, फक्त माणसं बदललीत. आता वॉटसन पत्रा झालाय. आणि फ्रँकलिनचं काय झालं? ती अजूनही एका फोटोएवढीच आहे. तिनं त्याआधी कोळसा आणि कार्बनच्या सूक्ष्म रचनेवर महत्त्वाचं काम केलं, नंतर बर्कबेक कॉलेजात तंबाखूच्या मोझॅइक विषाणूची रचना उलगडली, तिचा तिथला सहकारी ॲरन क्लूग याला १९८२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, यातलं काहीच 'फोटो चोरला' या गोष्टीत मावत नाही. आणि फोटो ज्यानं घेतला तो गॉसलिंग? पीएचडीचा विद्यार्थी. तो तर दोन्ही गोष्टींत गायब! (हे मला जरा जास्तच लागतं, का ते तुम्हाला कळलंच असेल.)

२०२३ मध्ये मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या दोन अभ्यासकांनी 'नेचर'मध्ये लेख लिहिला. १९५३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकासाठी लिहिलेला, पण छापून न आलेला एक मसुदा आणि त्या काळचं एक पत्र त्यांनी पुढे आणलं. त्यांचं म्हणणं असं की फ्रँकलिन ही फसवली गेलेली अबला नव्हती. दुहेरी सर्पिलाच्या शोधात ती चौघांपैकी एक, बरोबरीची भागीदार होती. मला ही मांडणी पटते, कारण तिच्यात फ्रँकलिनला कुणाला तरी चमकवण्याचं किंवा काळं फासण्याचं काम नाही. ती स्वतःचं काम करताना दिसते.

मग करायचं काय?

गोष्टी सांगायच्याच नाहीत, असं मी म्हणणार नाही. तुलनेशिवाय डोळ्याला दिसत नाही हे शेव्रलनं दाखवलंय, आणि गोष्टीशिवाय माझं काम माझ्या आईलाही समजत नाही. कथा-कादंबरीत तर तुलनापात्र हवंच. गुंड्याभाऊंची कुणाकडे तक्रार नाही, कारण ते कागदावर जन्मले. खऱ्या माणसाला त्या जागी बसवलं की मात्र जबाबदारी येते. माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवलेत, लिहिणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील.

पहिला: बाकी सगळं खरंच सारखं आहे का? ताईकडे जेव्हा काम होतं तेव्हा कुणाला काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे तिची वही होती. आमच्यातला फरक 'पद्धती'चा नव्हता, चौदा महिन्यांचा होता.

दुसरा: कंट्रोलची तेवढीच काळजी घेतली का? पीसीआर करताना आम्ही एका नळीत डीएनए घालतच नाही, नुसतं शुद्ध पाणी घालतो. त्या नळीत काही दिसलं तर समजायचं की कुठेतरी भेसळ झाली आणि सगळा प्रयोग टाकून द्यायचा. लॅबमध्ये नवीन आलेल्याला वाटतं की पाण्याच्या नळीकडे काय लक्ष द्यायचं. अनुभवानं कळतं की बाकीच्या सगळ्या नळ्यांवरचा विश्वास त्या एका नळीवर उभा असतो.

तिसरा: या माणसाला ही गोष्ट त्याच्या जागेवरून सांगू दिली, तर ती कशी होईल? मी हे खरंच करून पाहिलं. ताईच्या जागेवरून गोष्ट अशी होती: एका मुलीनं चौदा महिने एकेक शक्यता खोडून काढली, पैसे आणि मुदत संपली, आणि शेवटची शक्यता दुसऱ्या मुलीच्या वाट्याला आली. यात मी कुठे आहे? शेवटच्या ओळीत.

गेल्या आठवड्यात प्रबंधाचं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. 'आधीचे प्रयत्न अयशस्वी ठरले' हे वाक्य काढलं. त्याजागी एक तक्ता टाकला: कुठली शक्यता, कधी तपासली, काय निष्कर्ष. सगळ्यात खालच्या ओळीत 'नमुना दहा पट पातळ केला'. गाईडनी विचारलं, एवढा मोठा तक्ता कशाला, एका वाक्यात होतंय की. मी म्हटलं, सर, हा कंट्रोल आहे. ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, मग राहू दे.

तक्ता ताईला पाठवला. तिनं त्यातल्या दोन तारखा दुरुस्त करून पाठवल्या.

पुढच्या वेळी नेहमीसारखं मातीबद्दल लिहीन, नक्की. तोवर एक काम करा. तुम्ही नेहमी सांगता अशी एखादी गोष्ट आठवा, नोकरीतली, घरातली, भांडणातली, जिच्यात तुम्ही उठून दिसता. तुमच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. आणि जमलंच तर त्या माणसाला फोन करून त्याची बाजू ऐका.